कावळा बसला, फांदी तुटली आणि बोल सुनेच्या पायाला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातली २६ वर्षांची सून. साखरपुडा झाला आणि आठ-दहा दिवसांत सासरच्या रानात बोअरला पाणी लागलं. 'सुनेचा पायगुण' म्हणत सासऱ्यांनी भावकीत पेढे वाटले. मे महिन्यात लग्न झालं. महिनाही उलटला नव्हता, तोच सासरे (ती त्यांना मामा म्हणते) पहाटे हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय ५८, बऱ्याच वर्षांची साखर. हळदीच्या दिवसापासून 'छातीत जळजळतंय' म्हणत होते. नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला, डाऊनी या बुरशीच्या रोगानं घड गेले. तेव्हापासून भावकीतल्या बायका तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात. सासूबाई (त्यांना ती आत्या म्हणते) तोंडावर काही बोलत नाहीत. पण नणंदेच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, 'तू राहू दे.' नवरा गप्प असतो. एका जाणत्यानं ३५ हजारांची शांत (दोष घालवायचा विधी) आणि सुनेचं नाव बदलणं असे दोन उपाय सांगितलेत. ती विचारते: शांत करून टाकू का? का वेगळं राहू? आणि खरंच यात काही असतं का? माहेरी भावाला मुलगा झालाय, पण त्याला बघायला जायची मला भीती वाटते.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. भावकीतल्या बायका बोलतात, त्या बोलणारच. आपल्या पायांनी एका तान्ह्या पोराचं वाईट होईल असं तुला स्वतःला वाटायला लागलंय, हे त्याहून वाईट आहे. म्हणून शांत करणं आणि वेगळं राहणं नंतर बघू. आधी तुझा तिसरा प्रश्न घेते. यात काही असतं का?

याचं उत्तर आपल्या भाषेत फार जुनं आहे आणि तुझ्या आत्यांनाही ते पाठ असणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. दोन गोष्टी एका वेळी झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. काक म्हणजे कावळा, ताल म्हणजे ताडाचं झाड किंवा त्याचं फळ. पाणिनीच्या व्याकरणावर काशिका नावाची टीका आहे, साधारण सातव्या शतकातली. 'काकतालीय' हा शब्द कसा बनतो ते सांगताना तिथे गोष्ट येते ती अशी: कावळ्याचं येणं योगायोगाचं, ताडफळाचं पडणंही योगायोगाचं, आणि त्या पडणाऱ्या फळाखाली सापडून कावळा मेला. लगेच पुढे माणसाचा दाखला दिला आहे. देवदत्त नावाचा कुणी सहज एका ठिकाणी गेला, त्याच वेळी तिथे दरोडेखोर आले आणि त्यांनी त्याला मारलं.

जुन्या गोष्टीत कावळा काय करतो बघ. काहीच करत नाही. तो येतो आणि मरतो. व्याकरणकारांनी त्याच्यावर कसला आळ घेतलेला नाही; तो त्या गोष्टीतला बळी आहे. पुढे ही गोष्ट फिरत फिरत वेगवेगळ्या तोंडांनी सांगितली गेली. कुठे फळ खाली बसलेल्या वाटसरूच्या हाती लागतं, म्हणजे योगायोग चांगला ठरतो. आपल्याकडे ताडाच्या जागी फांदीचं झाड आलं (ताडाला फांद्या नसतातच), कावळा वाचला, आणि तुटायचं काम फांदीकडे गेलं. म्हणीचा अर्थ मात्र हललेला नाही. फांदी कावळ्यानं तोडली नाही, हेच ती सांगते. तरी फांदी तुटली की गाव कावळ्याकडे बोट दाखवतं, कारण त्या घटकेला तिथे नजरेत भरणारा तेवढाच असतो.

तुमच्या घरात त्या वर्षी नजरेत भरणारी तू होतीस. हातातला हिरवा चुडा नवा, उखाणे नवे, माप ओलांडून आत आलेली. मामांची साखर जुनी होती, ती कुणाच्या नजरेत भरत नव्हती. हृदयाच्या रक्तवाहिन्या एका महिन्यात तुंबत नाहीत. साखर, रक्तदाब, तंबाखू, चरबी यांचा थर त्यात वर्षानुवर्षं साचत असतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांना झटका येताना छातीत कळ येतेच असंही नाही. कधी नुसती जळजळ होते, कधी दम लागतो, घाम फुटतो आणि सगळे म्हणतात 'पित्त झालंय'. तू माप ओलांडलंस तेव्हा मामांचं दुखणं त्या घरात केव्हाचं येऊन बसलं होतं.

पावसाचं तर आणखी सोपं आहे. ऑक्टोबरात छाटणी घेतली की नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात येते आणि त्याच वेळी पाऊस झाला की डाऊनी येतो, घड कुजतात, गळतात. हे तुला मी काय सांगायचं, तू रोज बागेत असतेस. पण एवढं आठव: तो पाऊस फक्त तुमच्या चार भिंतींत पडला का? शेजारच्या गावांत ज्यांच्या बागा गेल्या त्यांच्यातल्या कितींच्या घरी त्या वर्षी सून आली होती? काहींच्या घरून लेक सासरी गेली असेल. काहींच्या घरी दहा वर्षांत लग्न झालेलं नसेल. घड सगळ्यांचे गेले.

आता जरा अवघड जागी हात घालते, रागावू नकोस. बोअरला पाणी लागलं तेव्हा 'पायगुण' हा शब्द तुला आवडला होता ना? पत्रात तू लिहिलंयस की तेव्हा मामांनी पेढे वाटले आणि तुला 'फार बरं वाटलं'. वाटणारच. नव्या घरात कुणी आपल्याला लक्ष्मी म्हटलं तर कोण नको म्हणेल? पण ते पाणी खडकाच्या भेगांत तू या घरची होण्याआधीपासून होतं. ज्या हिशोबानं पाण्याचं श्रेय तुझ्या खात्यावर जमा झालं, त्याच हिशोबानं पुढे मामांचं जाणं तुझ्या नावावर पडलं. वही एकच आहे. जमेची बाजू ठेवून खर्चाची तेवढी फाडून टाकता येत नाही. तेव्हा उद्या बाग चांगली आली आणि कुणी म्हणालं 'सुनेनं दोष फेडला', तर तेही हसून परत कर. म्हण, 'छाटणी वेळेवर झाली, पाऊस आला नाही, म्हणून आली.' हे तुला जड जाईल. माझ्या मते टोमणे झेलण्याहून हे जास्त जड आहे.

या वहीत आणखी एक गोम आहे. तिच्यात साध्या दिवसांची नोंदच होत नाही. लग्नापासून आजवर तू रोज त्या उंबऱ्यातून आत-बाहेर केलंस. त्यातल्या बहुतेक दिवशी काहीही घडलं नाही. दूध डेअरीला गेलं, भाकऱ्या झाल्या, लाईट आली-गेली. ते दिवस कुणी मोजत नाही. कावळा दिवसातून कितीदा फांदीवर बसतो, आपण बघतो का? चांगलं झालं तर लक्ष्मी, वाईट झालं तर पांढरे पाय आणि काहीच झालं नाही तर हिशोब नाही, अशा पद्धतीत पायगुण चुकीचा ठरायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय नवऱ्याच्या आणि तुझ्या अशा दोन्ही घरांतली जवळची म्हातारी माणसं मोज. लग्नानंतरच्या एका वर्षात त्यांतलं कुणीच आजारी पडलं नाही, कुणीच गेलं नाही, असं किती घरांत होतं? या मापानं महाराष्ट्रातली निम्मी तरी लग्नं 'वाईट पायाची' निघतील.

(जाता जाता: घोड्याचे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर त्याला पंचकल्याणी म्हणतात आणि तो शुभ मानतात. पांढरा पाय घोड्याला चालतो, सुनेला चालत नाही!)

आता तुझ्या आत्यांबद्दल. तू त्यांच्याबद्दल रागानं लिहिलंयस आणि राग रास्त आहे. ओटी भरताना सगळ्यांसमोर 'तू राहू दे' म्हणणं हा अपमानच. तरी पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. हळदीच्या दिवसापासून मामा छातीत जळजळतंय म्हणत होते आणि 'धावपळीत कुणी लक्ष दिलं नाही, आत्यांनी सोडा दिला'. विचार कर, हे वाक्य त्या बाईच्या डोक्यात रात्री किती वेळा फिरत असेल. त्यांचीही चूक नाही. लग्नघरात, तीनशे पानांच्या गडबडीत, पित्त समजून सोडा देणारी ती पहिली बायको नव्हे. पण ज्याचं माणूस जातं त्याला 'चूक कुणाचीच नाही' हे पचत नाही. कुणाचीच नसेल तर पुन्हा कधीही, कुणाच्याही घरी असं होऊ शकतं, आणि ही भीती भयंकर असते. मग बोट आपल्याकडे वळण्याआधी दुसरीकडे वळवलं जातं. ते तुझ्याकडे वळलं, कारण तू नवी होतीस आणि उलटून बोलणार नव्हतीस.

दुसरंही काही असेल. मामा गेल्यावर आत्यांच्या कपाळाचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या असतील. म्हणजे अशुभाचा पहिला शिक्का त्यांच्यावरच बसला. डोहाळजेवणात ओटी भरायला त्या स्वतः तरी पुढे झाल्या होत्या का? तू लिहिलेलं नाहीस, पण मला वाटत नाही. तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात कुणाचा नवरा गेला तर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे करायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. तुमच्या गावानं काय केलं मला माहीत नाही. पण तू आणि आत्या, दोघी एकाच रांगेत बाजूला बसवलेल्या बायका आहात. हे त्यांच्या लक्षात आलेलं नसेल. तुझ्या आलं तर बरं.

म्हणून सुरुवात त्यांच्यापासून कर, आणि पायांचा विषय काढून करू नकोस. एखाद्या दुपारी शेंगा फोडताना किंवा भाजी निवडताना विचार, 'आत्या, मामांना शेवटच्या दिवसांत काय खावंसं वाटत होतं?' त्यांना बोलू दे. सोड्याची गोष्ट निघाली तर म्हण, 'आत्या, ते पित्तासारखंच वाटतं म्हणे. डॉक्टरसुद्धा छातीची पट्टी (ईसीजी) काढल्याशिवाय सांगू शकत नाहीत.' बस. त्या दिवशी पुढे जाऊ नकोस. एका बैठकीत मन फिरेल असं मी म्हणत नाही; काहींचं फिरतच नाही. पण त्यांच्या मनावरचा भार थोडा उतरला तर तो तुझ्यावर टाकायची गरज कमी होईल.

नवऱ्याशी मात्र स्पष्ट बोल. तो बिचारा आहे, बाप गेलाय, बाग गेलीय, हे सगळं खरं. पण भावकीत बायकोला कुणी काही बोललं आणि नवरा खाली बघत राहिला की सगळे समजतात, त्यालाही पटतंय. त्याला भांडायला सांगू नकोस. एकच वाक्य माग आणि ते चार माणसांत म्हणायला सांग: 'बाबांना हृदयविकार होता. आमच्या घरात पायाबियाचा विषय काढू नका.' मुलानं सांगितलेलं गावात ऐकतात, सुनेचं ऐकत नाहीत. चीड येण्यासारखंच आहे हे, पण आज तरी असंच आहे. आणि त्याला दुसरंही एक सांग. वडिलांना साखर होती, हृदयविकार होता, तेव्हा त्यानं आणि त्याच्या भावंडांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. त्या घरात पिढीतून पुढे येण्यासारखं काही असेल तर ते हे आहे. घरात पुन्हा कुणाची छाती जळजळली, दम लागला, घाम आला, तर सोडा नको. १०८ ला फोन.

आता शांत. तुला वाटतंय, ३५ हजार गेले तर गेले, तोंडं तरी बंद होतील. मला उलट वाटतं. तुझ्या पायासाठी शांत केलीस म्हणजे दोष होता हे तू सही करून दिलंस. पुढच्या वर्षी गारपीट झाली तर तोच जाणता म्हणेल, विधी अर्धवट राहिला, आता मोठा करावा लागेल. नाव बदलण्याचं तर बोलूच नये. लग्नात आधीच एकदा बदललं असेल, आता किती वेळा? तेही बाग गेलेल्या वर्षी, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना हा पैसा काढायचा! साधी पूजा किंवा शांत करणं हा गुन्हा नाही. पण अंगात शक्ती आहे, चमत्कार करतो असं भासवून कुणी पैसे उकळत असेल, धाक घालत असेल, तर त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या जाणत्यानं 'केलं नाहीस तर घरात आणखी एक जाईल' असं काही म्हटलं असेल, तर हे लक्षात ठेव.

तरीही आत्यांना काही केल्याशिवाय चैन पडणार नसेल, तर त्यांची श्रद्धा मोडायला मी सांगणार नाही. मामांचं वर्षश्राद्ध येईलच. ते सगळ्या घरानं मिळून करा, मामांच्या नावानं करा, ऐपतीत करा. त्यात तू कामाला पुढे राहा. विधी मामांसाठी असू दे. 'सुनेच्या दोषासाठी' असा संकल्प गुरुजी सांगायला लागले तर नवऱ्यानं तिथेच थांबवायचं.

वेगळं राहण्याबद्दल मी घाई करणार नाही. तू लिहिलेल्यावरून घरात अबोला आहे, टोमणे आहेत, पण जेवणखाण, येणंजाणं नीट आहे. आत्ता बाहेर पडलात तर 'सासरा खाल्ला, आता घर फोडलं' हे नवं बिरुद मिळेल आणि आत्या एकट्या पडतील. एक वर्ष बघ. पण कुठे थांबायचं ते आजच मनाशी ठरव. हात उचलला, उपाशी ठेवलं, माहेरी हाकललं, 'दोष काढायला' माहेराहून पैसे आणायला सांगितले, यातलं एक जरी झालं तरी वर्षाची वाट बघायची नाही. हिणवणं, नावं ठेवणं, अपमान करणं हेसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळ म्हणून धरलं आहे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाईन आहे. लागणार नाही अशी आशा आहे, पण नंबर फोनमध्ये असू दे.

असंच दुखणं घेऊन लिहिणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. एकाला कचेरीत पनवती म्हणतात. एका आईला सांगितलं गेलंय की मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून दुकान बसलं. तुम्ही सगळ्यांनी एक करून बघा. जे वाईट घडलं त्याची खरी कारणं कागदावर लिहून काढा: आजार किती जुना होता, बाजार कसा होता, कर्ज किती होतं, हवामान काय होतं. मग तुमचं नाव खोडून तीच यादी पुन्हा वाचा. तुमच्यावाचून काही अडलं नसतं असं दिसेल. भांडणात हा कागद दाखवू नका, उपयोग होत नाही. तो तुमच्यासाठी आहे, रात्री झोप लागत नाही तेव्हासाठी.

आणि आता जरा रुक्ष कामं, कारण तुमच्या घराची आजची चिंता पैशाची आहे आणि सगळे पायांवर बोलत बसलेत. मामांच्या नावच्या जमिनीला वारस नोंद झाली का? नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या, मृत्यूचा दाखला जोडा. नोंदीवाचून पीककर्ज, अनुदान सगळं अडतं. कर्ज मामांच्या नावावर असेल तर सोसायटीत जाऊन त्याला काही विमा होता का ते विचारा. बागेचा हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवला होता का तेही बघा. असेल तर भरपाई महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर किती पाऊस नोंदला गेला त्यावर ठरते. तिथे कुणाच्या पायाचा रकाना नसतो. ही कामं तू स्वतः हातात घे. तू पदवीधर आहेस, नवरा बागेत अडकलेला असतो, आणि तालुक्याला जाताना आत्यांना बरोबर नेता येईल, सह्या त्यांच्याही लागतीलच.

भाच्याकडे मात्र याच आठवड्यात जा. शांत, वर्षश्राद्ध, कशाचीही वाट बघू नकोस. जाताना फक्त सर्दी-खोकला नाही ना एवढं बघ आणि बाळाला घेण्याआधी हात साबणानं धू. तान्ह्या पोराला पाहुण्यांकडून काही होतं ते त्यानं.

तुझी,
सदराची ताई